डेजॉनमधला राहण्याचा खर्च (बाहेरून आलेल्यांसाठी)

डेजॉन हे दक्षिण कोरियाच्या साधारण मधोमध असलेलं, साडेचौदा लाखाच्या आसपास वस्तीचं शहर, सोलपासून केटीएक्स ट्रेनने तासाभरावर. काइस्ट ही विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था (1971 ला सोलमधे सुरू झाली, 1989 ला इकडे आली), चुंगनाम नॅशनल युनिव्हर्सिटी आणि देदॉक भागातल्या ढीगभर सरकारी रिसर्च संस्था यामुळे इथे परदेशी माणूस म्हटलं की बहुतेक वेळा पीएचडीवाला, पोस्टडॉक (पीएचडीनंतर ठरावीक काळासाठी संशोधन करणारा) किंवा त्यांची फॅमिली. भारतीय बरेच आहेत आणि त्यात मराठी पण. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून मटेरियल्स सायन्स करून कोरियात पोस्टडॉकला येण्याचा रस्ता तर चांगलाच रुळलेला आहे. ही नोंद अशा लोकांना इथे राहायला काय खर्च येतो त्याबद्दल आहे. आकडे 2025 च्या आसपासचे, आणि 1000 वॉन म्हणजे साधारण 60 रुपये असा हिशोब धरलाय.

सुरुवातीलाच सांगायचं तर डेजॉन महिन्याच्या खर्चाने माणसाला दमवत नाही, सुरुवातीला जी रक्कम अडकते तिने दमवतं. लोक ऑफर लेटर हातात आलं की पगाराचे रुपये करतात, भाडं वजा करतात आणि खूश होतात, पण पहिल्या दोन महिन्यांत डिपॉझिट, दलाली, गाद्या-भांडी, थंडीचे कपडे आणि पहिला पगार उशिरा हे सगळं एकत्र येतं तेव्हा खरी ओढाताण होते. जवळ निदान 50-60 लाख वॉन (3 ते साडेतीन लाख रुपये) असल्याशिवाय कॅम्पसबाहेर घर घ्यायच्या भानगडीत पडू नये, पहिले काही महिने हॉस्टेल किंवा संस्थेचं गेस्टहाऊस मिळत असेल तर ते डोळे मिटून घ्यावं.

घर आणि डिपॉझिट

कोरियात घर भाड्याने घ्यायच्या दोन मुख्य पद्धती. एक जॉन्से, म्हणजे घराच्या किमतीचा मोठा हिस्सा, बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त, मालकाकडे दोन वर्षांसाठी ठेवायचा, मग महिन्याला भाडं शून्य, आणि सोडताना पूर्ण रक्कम परत. दुसरी वॉल्से, म्हणजे आपल्यासारखं डिपॉझिट अधिक दरमहा भाडं. बाहेरून आलेला माणूस जवळजवळ नेहमी वॉल्सेनेच राहतो. काइस्ट आणि चुंगनाम युनिव्हर्सिटीच्या मधल्या ओउनदोंग, गुंगदोंग भागात वनरूम (एकच खोली, त्यातच कोपऱ्यात किचन, वेगळं बाथरूम) साधारण 30 ते 50 लाख डिपॉझिट आणि 3 ते साडेचार लाख वॉन भाड्यात मिळते, तर सोलमधे तशाच खोलीला डिपॉझिट 1 कोटी आणि भाडं 7 लाखाच्या आसपास जातं. डेजॉन परवडतं असं लोक म्हणतात ते मुख्यतः याच फरकामुळे, बाकी किराणा दोन्हीकडे जवळपास तोच. दुन्सानदोंग सरकारी ऑफिसांचा आणि मॉलचा भाग, तिकडे ऑफिसटेल (ऑफिस आणि घर दोन्हीसाठी चालणाऱ्या इमारतीतल्या खोल्या) मिळतात, नवीन असतात पण मेंटेनन्स जास्त. फॅमिलीला टूरूम (दोन खोल्यांचं घर) किंवा जुन्या अपार्टमेंटमधला छोटा फ्लॅट लागतो, त्याला भाडं 5 ते 8 लाख आणि डिपॉझिट 1 कोटीच्या पुढे सहज.

डिपॉझिट आणि भाडं यांची अदलाबदल होते हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. ढोबळ हिशोब असा की डिपॉझिट 1 कोटी वॉनने वाढवलं की भाडं महिन्याला 50 हजाराने कमी होतं, म्हणजे वर्षाला 6 लाख, सरळ 6 टक्के. आता भारतात एफडीला जेवढं व्याज मिळतं त्याच्याशी हे तोलून बघा, पैसे तिकडून इकडे आणायचा आणि परत न्यायचा खर्च आणि मधे वॉन घसरला तर होणारा तोटा पण धरा. माझ्या मते भारतातून रक्कम उचलून इथे डिपॉझिट वाढवण्यात काही अर्थ नाही, पण इथेच पगार साठलेला असेल आणि बँकेत पडून असेल तर जरूर वाढवावं.

दलाली कायद्याने बांधलेली आहे त्यामुळे घासाघीस कमी, पण हिशोब माहीत असावा. भाड्याला 100 ने गुणून डिपॉझिटमधे मिळवायचं, बेरीज 5 कोटीच्या आत आली तर 100 ऐवजी 70 ने गुणायचं. 50 लाख डिपॉझिट आणि 4 लाख भाड्याची खोली असेल तर 100 ने बेरीज येते साडेचार कोटी, म्हणून 70 धरायचे, 50 लाख अधिक 2 कोटी 80 लाख म्हणजे 3 कोटी 30 लाख, त्याचे अर्धा टक्का 1 लाख 65 हजार वॉन. या गटात जास्तीत जास्त दलाली 2 लाख (व्हॅट लागला तर तो वेगळा). दलाल याच्यावर मागत असेल तर शांतपणे कॅल्क्युलेटर काढून दाखवावा.

आणि डिपॉझिट बुडणे हा विषय खरंच गंभीर आहे. गेल्या काही वर्षांत कोरियात जॉन्सेची मोठी फसवणूक प्रकरणं झाली, त्यासाठी जून 2023 मधे खास कायदा करावा लागला, आणि डेजॉनला याचा फटका जोरात बसला, त्यातही एकाच मालकाच्या, बऱ्याच खोल्यांच्या इमारतींमधे राहणाऱ्या तरुण भाडेकरूंना. आपण जिथे वनरूम बघतो त्या नेमक्या याच इमारती. अशा इमारतीत सगळ्या खोल्या मिळून नोंदणी एकच असते, मालकाचं बँकेचं कर्ज आणि आपल्या आधीच्या भाडेकरूंची डिपॉझिटं आपल्या पुढे रांगेत उभी असतात, लिलाव झाला तर आधी त्यांचे पैसे. म्हणून सह्या करण्याआधी नोंदणीचा उतारा बघायचा, तो ऑनलाइन फक्त 700 वॉनमधे बघता येतो, त्यात कर्ज किती आहे ते दिसतं, आणि बाकी भाडेकरूंचं एकूण डिपॉझिट किती ते दलालाला विचारून लेखी घ्यायचं. राहायला गेल्यावर पत्ता बदलल्याची नोंद लगेच करायची आणि करारावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. ही दोन कामं केली की परदेशी माणसालाही कोरियन भाडेकरूसारखंच संरक्षण मिळतं, नाही केली तर काहीच हातात राहत नाही. लहान डिपॉझिट असेल तर ठरावीक रकमेपर्यंत प्राधान्यही मिळतं, डिपॉझिट कमी ठेवायला हे अजून एक कारण.

करार साधारण एक-दोन वर्षांचा. मधेच सोडायचं तर पुढचा भाडेकरू आपणच शोधून द्यायचा आणि त्याची दलालीही बहुतेक वेळा आपणच भरायची, पोस्टडॉकचं कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाने वाढतं त्यांनी हे लक्षात ठेवूनच सही करावी.

बिलं

भाड्याशिवाय मेंटेनन्स वेगळा, वनरूमला 50 ते 80 हजार, त्यात इंटरनेट आणि पाणी बऱ्याचदा धरलेलं असतं, पण विचारून घ्यावं कारण दोन सारख्या भाड्याच्या खोल्यांमधे खरा फरक इथेच लपलेला असतो. वीज टप्प्याटप्प्याने महागते: 200 युनिटपर्यंत स्वस्त, 400 पर्यंत मध्यम, त्यावर महाग. जुलै-ऑगस्टमधे एसीसाठी हे टप्पे 300 आणि 450 असे सैल करतात. एकट्या माणसाला विजेचं बिल जड जात नाही.

जड जातो तो गॅस. कोरियन घरं जमिनीखालच्या गरम पाण्याच्या पाइपांनी गरम होतात आणि ते पाणी गॅसच्या बॉयलरवर तापतं. उन्हाळ्यात गॅसचं बिल 10-15 हजार, जानेवारीत तेच जुन्या, खिडकीतून वारा येणाऱ्या खोलीत 1 लाखाच्या पुढे जाऊ शकतं. 2022-23 च्या हिवाळ्यात गॅसचे दर चढले तेव्हा अख्ख्या देशात बिलांवरून आरडाओरडा झाला होता. भिंतीवरच्या बॉयलरच्या पॅनलवर बाहेर जाताना दाबायचं एक बटण असतं, ते दाबलं की फक्त पाइप गोठू नयेत इतपतच उष्णता चालू राहते. काही लोक बचत म्हणून दिवसभर बॉयलर पूर्ण बंद करून जातात आणि कडाक्याच्या थंडीत पाइप गोठून दुरुस्तीचा खर्च मागे लावून घेतात. खोली बघायला जाल तेव्हा खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का आणि खोली कोपऱ्यातली तर नाही ना हे भाड्याआधी बघा.

मोबाइलला मोठ्या तीन कंपन्यांकडे जाण्यापेक्षा त्यांच्याच नेटवर्कवर चालणाऱ्या स्वस्त कंपन्यांचं सिम 10-20 हजारात पुरतं. मात्र परदेशी रहिवासी कार्ड येईपर्यंत स्वतःच्या नावाचा नंबर नीट मिळत नाही, आणि नंबर नाही तर ऑनलाइन खरेदी नाही, सेकंडहँड फर्निचरचं दांगुन अॅप नाही, बरंच काही अडतं, त्यामुळे पहिला महिना सगळं महागातच घ्यावं लागतं.

जेवण

इथे खर्च माणसागणिक बदलतो. कोरियन पद्धतीने जेवणारा माणूस आरामात राहतो, घरच्यासारखंच रोज हवं असणारा भरपूर मोजतो. कॅम्पसच्या कँटीनमधे 5-6 हजारात पोटभर ताट, किंबाप (समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भाताचा रोल) साधारण साडेतीन हजार, किमची जिगे (आंबवलेल्या कोबीचा तिखट रस्सा) 8-9 हजार, आणि डेजॉनची खासियत असलेलं कालगुक्सू (हाताने कापलेल्या नूडल्सचं सूप) त्याच किमतीत. सोबतच्या भाज्या-लोणची मागाल तितक्या वेळा फुकट, पाणी फुकट, टिप द्यायची पद्धतच नाही. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना सकाळचा नाश्ता 1000 वॉनमधे देणारी सरकारी योजना आहे. सोंगशिमदांग ही 1956 पासूनची बेकरी फक्त डेजॉनमधेच आहे आणि सोलच्या बेकऱ्यांच्या मानाने खूपच स्वस्त. तिच्यापुढे रांग असते, पण उभं राहावं.

शाकाहारी माणसाचं गणित वेगळं. मासे किंवा मांसाचा अंश नसलेलं बाहेर फारसं मिळत नाही, म्हणजे स्वयंपाक घरीच, आणि फळं-भाज्या कोरियात महाग. 2024 च्या वसंतात सफरचंदं इतकी महागली की तो निवडणुकीतला मुद्दा झाला, कारण क्वारंटाइनच्या नियमांमुळे बाहेरची ताजी सफरचंदं देशात येतच नाहीत, इथलं पीक गेलं की गेलं. दूध लिटरला 3 हजाराच्या आसपास, पनीर चैन म्हणून. तूरडाळ, बासमती, कणीक, मसाले गुंगदोंगच्या हलाल आणि एशियन दुकानांतून किंवा ऑनलाइन मिळतात, भारतापेक्षा अडीच-तीनपट दराने, पण जेमतेम दोन-चार किलो लागतं त्यामुळे बजेट कोसळत नाही. हिरवी मिरची, कांदा, बटाटा, कोबी, मुळा, पालक सगळीकडे. ताजा कढीपत्ता आणता येत नाही, वाळवलेल्यावर भागवायचं.

दोन सवयींनी किराण्याचं बिल खरंच खाली येतं. भाजी-फळं सुपरमार्केटमधून न घेता नोउन किंवा ओजोंगदोंगच्या घाऊक मार्केटमधून घ्यायची, दोन-तीन जणांनी मिळून खोकं उचललं तर फारच स्वस्त. आणि इ-मार्टसारख्या मोठ्या सुपरमार्केटमधे रात्री बंद व्हायच्या आधीच्या तासात जायचं, तेव्हा कर्मचारी हातात मशीन घेऊन डब्यांवर 30-40 टक्के सवलतीची स्टिकरं लावत फिरत असतात आणि लोक त्यांच्या मागे मागे असतात. एकट्याचा जेवणाचा खर्च अशा रीतीने साडेतीन लाखात बसतो, रोज बाहेर खाल्लं तर 6 लाखही कमी पडतात.

कचऱ्याचेही पैसे लागतात. 1995 पासून महापालिकेच्या विकतच्या पिशवीतच कचरा टाकायचा नियम आहे, ओला कचरा वेगळा, आणि जुना सोफा किंवा गादी टाकायची तर पैसे भरून स्टिकर घ्यावं लागतं. म्हणून घर सोडणारे लोक सामान फुकट देऊन टाकतात, नवीन आलेल्याने विचारत राहावं, अख्खं घर लागून जातं.

येणं-जाणं

मेट्रोची एकच लाइन, 22 स्टेशनं, तिकीट कार्डने 1550 वॉन, ठरावीक वेळेत बस बदलली तर पुन्हा पैसे पडत नाहीत. काइस्टच्या दाराशी मेट्रो नाही, दुसरी लाइन ट्रामची होतेय. पण शहर सपाट आहे आणि ताशू ही सरकारी सायकल पहिला तास फुकट, नदीकाठचा रस्ता सुंदर, त्यामुळे बऱ्याच विद्यार्थ्यांचा रोजचा प्रवासखर्च शून्यच असतो. टॅक्सी 4300 पासून सुरू. सोलला केटीएक्सने 23,700, साध्या मुगुंघ्वा गाडीने 10,800 आणि दोन तास, दूतावासाच्या कामाला जायचं तर ही गाडी काही वाईट नाही.

विमा, मुलं, पेन्शन

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला जुलै 2019 पासून सरकारी आरोग्य विमा सक्तीचा आहे, विद्यार्थ्यांना मार्च 2021 पासून. नोकरीवाल्याचा हप्ता 2025 मधे पगाराच्या 7.09 टक्के होता, अर्धा मालक भरतो. विद्यार्थी सवलत धरून महिना 75 हजाराच्या आसपास भरतात आणि आजारी नसताना ते फार टोचतं हे खरं, पण क्लिनिकमधे डॉक्टरला 5 हजाराच्या आसपास देऊन बाहेर येता तेव्हा त्याची किंमत कळते. वर्षातून एकदा दात साफ करणंही त्यात येतं. पीएचडी करणाऱ्यांना 2025 पासून सरकारी योजनेतून महिना निदान 11 लाख वॉन आणि मास्टर्सवाल्यांना 8 लाख मिळावेत अशी व्यवस्था सुरू झालीय, एकट्या माणसाला कॅम्पसवर राहून 11 लाखात महिना निघतो, बाहेर राहून अगदी काठावर. जोडीदार आणि एक मूल असेल तर 20-25 लाख धरून चालावं.

मुलांना सरकारी शाळा फुकट, दुपारचं जेवणही, आणि लहान मुलं वर्षभरात कोरियन बोलायला लागतात. इंटरनॅशनल शाळेची फी वर्षाला कोटींच्या घरात (वॉनमधे), पोस्टडॉकच्या पगारात तो विचार सोडावा. पाळणाघराचं केंद्र सरकारचं अनुदान परदेशी मुलांना मिळत नाही, काही ठिकाणी स्थानिक पातळीवर मदत असते, वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारणं हाच मार्ग.

नोकरीवाल्यांच्या पगारातून पेन्शनही कापली जाते, 2025 पर्यंत 9 टक्के आणि 2026 पासून 9.5, निम्मी मालकाची. भारत-कोरिया सामाजिक सुरक्षा करार नोव्हेंबर 2011 पासून लागू आहे, त्यामुळे भारतीय माणसाला देश सोडताना ही रक्कम, मालकाच्या वाट्यासकट, एकरकमी परत मिळते. परतीचं तिकीट दाखवून आधीच पेन्शन ऑफिसात अर्ज केला तर इंचॉन विमानतळावर निघताना पैसे हातात घ्यायची सोयही आहे. एक वर्ष पूर्ण केलेल्याला दर वर्षामागे साधारण एका महिन्याचा पगार नोकरी सोडताना मिळतो तो वेगळा. या दोन रकमा आणि घराचं डिपॉझिट मिळून बऱ्याच लोकांची कोरियातली खरी बचत एवढीच असते, म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी घरमालकाला लेखी कळवावं, शेवटच्या दिवशी गॅस-विजेचं मीटर वाचून बिलं मिटवावीत आणि डिपॉझिट खात्यात जमा झालेलं बघूनच खोलीच्या दाराचा कोड त्याला सांगावा.