पॅप आणि एचपीव्ही चाचणी: नमुना एकाच जागचा, प्रश्न दोन वेगळे

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका ओळखण्यासाठी केल्या जाणाऱ्या पॅप आणि एचपीव्ही या दोन्ही तपासण्यांसाठी स्त्रीला त्याच टेबलावर झोपायचं असतं, योनी उघडी धरणारा तोच स्पेक्युलम वापरतात आणि गर्भाशयाच्या मुखावरून तसाच ब्रश फिरवतात. नमुना द्रावणात घेतला असेल, तर बहुतेक वेळा एकाच बाटलीतून दोन्ही चाचण्या करता येतात. म्हणूनच ‘पॅप झालीय, मग आता एचपीव्ही कशाला?’ असं विचारणाऱ्या बाईचं काही चुकत नाही. फरक पडतो तो प्रयोगशाळेत. पॅपमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं रूप पाहतात, तर एचपीव्ही चाचणीत ह्यूमन पॅपिलोमा (एचपीव्ही) या विषाणूचा डीएनए शोधतात. पेशी बिघडल्या आहेत का, हा पहिला प्रश्न. त्या बिघडवू शकणारा विषाणू तिथे आहे का, हा दुसरा. कॅन्सर आहे की नाही याचा निर्णय दोन्हींपैकी एकही चाचणी देत नाही. तो बायॉप्सीच, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणीच देते.

हे दोन प्रश्न दोन शास्त्रज्ञांच्या दीर्घ कामातून पुढे आले. जॉर्ज पापानिकोलाऊ मूळचे ग्रीसचे. १९१३ मध्ये ते अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजात गिनीपिगच्या मादीचं ऋतुचक्र अभ्यासू लागले. प्राणी न मारता बीजनिर्मितीची वेळ कळावी म्हणून ते योनीतला स्राव काचपट्टीवर पसरून पाहत. १९१७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. पुढे स्त्रियांचे नमुने तपासताना त्यांना काही पट्ट्यांवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या. १९२८ मध्ये त्यांनी हे मांडलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे अशीच पद्धत मांडली होती आणि तीही मागे पडली. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा पापानिकोलाऊंचा लेख १९४१ मध्ये आणि पुस्तक १९४३ मध्ये आलं, तेव्हा कुठे वैद्यकविश्वाने दखल घेतली.

जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांची वाट विषाणूंकडून आली. एपस्टाइन-बार विषाणूचा डीएनए बर्किट लिम्फोमा या कॅन्सरच्या पेशींमध्ये असतो, हे त्यांनी १९७० मध्ये दाखवलं होतं. तीच रीत त्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला लावली. त्या काळी संशय हर्पिसच्या विषाणूवर होता, पण गाठींमध्ये त्याचा डीएनए काही सापडेना. मग त्यांनी चामखिळीच्या विषाणूकुलाकडे, म्हणजे पॅपिलोमाकडे मोर्चा वळवला. आधी जननेंद्रियांवरच्या चामखिळींतून ६ आणि स्वरयंत्रातल्या चामखिळीसारख्या गाठींतून ११ हे प्रकार वेगळे झाले, पण कॅन्सरच्या गाठींमध्ये ते क्वचितच आढळत. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला कॅन्सरमध्ये १६ हा प्रकार सापडला आणि १९८४ मध्ये १८. जगभरात गर्भाशयमुखाच्या दर दहा कॅन्सरपैकी सुमारे सात या दोन प्रकारांमुळे होतात. २००८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. आजच्या एचपीव्ही चाचणीत १६ आणि १८ ची वेगळी नोंद अनेकदा दिलेली असते, ती याच शोधामुळे.

आता नमुन्याकडे येऊ, कारण पॅपचं यशापयश तिथेच ठरतं. गर्भाशयमुखावर बाहेरच्या सपाट पेशी आणि आतल्या उभट पेशी जिथे मिळतात, त्या पट्ट्यात बहुतेक कॅन्सर सुरू होतात. खरवडायचा चपटा स्पॅच्युला त्या पट्ट्यावर पूर्ण ३६० अंश फिरवायचा. आतल्या नळीतला छोटा ब्रश मात्र पाव ते अर्धा फेराच, त्याहून जास्त फिरवला तर रक्त येतं आणि ते पेशी झाकतं. पट्टीवर पसरलेला थर लगेच, वाळायच्या आत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायला हवा. थोडा जरी वाळला तरी केंद्रकं फुगून फिकट दिसतात आणि वाचणाऱ्याची फसगत होते. द्रावणाच्या पद्धतीत झाडूसारखा ब्रश एकाच दिशेने पाच फेरे फिरवतात. इथे वाळण्याची भीती जाते, पण पट्टा चुकण्याची जात नाही. रजोनिवृत्तीनंतर हा पट्टा नळीत वर सरकतो, म्हणून त्या वयात नुसता बाहेरून घेतलेला नमुना पॅपला अपुरा पडतो. पाळी चालू असताना नमुना देऊ नये आणि आधीचे दोन दिवस योनीत औषध किंवा क्रीम वापरू नये.

एचपीव्ही चाचणीला पेशींचा आकार टिकण्याची गरज नाही, डीएनए मिळाला की पुरे. त्यामुळे स्त्रीने स्वतः योनीतून घेतलेला नमुनाही चालतो आणि पीसीआर पद्धतीच्या (डीएनएच्या प्रती वाढवून शोधणाऱ्या) चाचणीत तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. असा नमुना पॅपला चालत नाही. इथल्या चुका वेगळ्या असतात. नमुन्यात मानवी पेशीच नसतील तर ‘निगेटिव्ह’ला अर्थ राहत नाही, म्हणून पेशी आल्या आहेत का हे तपासणारा अंतर्गत नियंत्रक असलेली चाचणी बरी. आणि ६, ११ सारख्या कमी धोक्याच्या प्रकारांची चाचणी करून घेऊ नये. कॅन्सरच्या तपासणीत तिचा उपयोग शून्य, घबराट मात्र भरपूर.

अचूकतेचं काय? कॅनडातल्या १०,१५४ स्त्रियांच्या अभ्यासात (२००७) उपचाराची गरज असलेले बदल एका पॅपने सुमारे ५५ टक्के वेळा पकडले, एचपीव्हीने सुमारे ९५ टक्के. उलट निरोगी स्त्रीला निरोगी म्हणण्यात पॅप किंचित सरस ठरली: ९६.८ विरुद्ध ९४.१ टक्के. पॅप आजवर उपयोगी पडली ती पुन्हा पुन्हा केल्यामुळे, पहिल्या वेळी सुटलेला बदल पुढच्या खेपेला सापडतो म्हणून.

पण जिथे आयुष्यात एखादीच तपासणी होण्याची शक्यता आहे, तिथे काय? याचं उत्तर उस्मानाबाद जिल्ह्यातून, आजच्या धाराशिवमधून आलं. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या गावांचे ५२ समूह चार गटांत वाटले: एचपीव्ही, पॅप, ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि नेहमीचीच आरोग्यसेवा मिळणारा चौथा गट. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. पॅपच्या गटात मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल या अभ्यासावर टीका झाली. ती टीका गंभीर आहे आणि हे आकडे सांगताना विसरता कामा नये. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही महत्त्वाची: पॅप निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. म्हणजे ‘निगेटिव्ह’ हा शब्द दोन्ही रिपोर्टांवर असला तरी त्याचं वजन सारखं नाही.

रिपोर्ट हाती आल्यावर गोंधळ बहुधा एकाच ठिकाणी होतो: एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल. यात विसंगती काहीच नाही. विषाणू आला आहे, पेशी अजून बदललेल्या नाहीत. बहुतेक संसर्ग दोन वर्षांत आपोआप ओसरतात. टिकून राहिलेल्या संसर्गातून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर त्याहून कमी. प्रकार १६ किंवा १८ असेल तर पॅप नॉर्मल असूनही कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची बारकाईने पाहणी, करून घ्यावी. इतर प्रकार असतील आणि पॅप नॉर्मल असेल, तर साधारणपणे वर्षभराने पुन्हा तपासतात. पॅपमध्ये तीव्र बदल दिसले, तर एचपीव्ही काहीही येवो, कोल्पोस्कोपी टाळू नये. आणि एक गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यावी: हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे तो कधी आला, कुणाकडून आला हे चाचणी सांगूच शकत नाही. या कागदावरून बायकोवर किंवा नवऱ्यावर संशय घेणं हा निव्वळ अन्याय आहे.

तिशीच्या आत संसर्ग फार आढळतो आणि बहुधा निघूनही जातो, म्हणून त्या वयात सरसकट एचपीव्ही चाचणी केली तर नाहक कोल्पोस्कोप्या वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार एचपीव्ही चाचणी ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी करावी. जिथे ती उपलब्ध नाही, तिथे पॅप दर ३ वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी सुटत नाही, कारण कुठलीही लस सगळे धोकादायक प्रकार अडवत नाही.

हे सगळं लक्षणं नसलेल्या स्त्रीसाठी. संबंधांनंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर गेल्या वर्षीचा निगेटिव्ह रिपोर्ट बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञाकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. गाठीवरचा कुजका थर आणि रक्त यांमुळे पॅपमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसायच्या राहू शकतात, म्हणून मुखावर गाठ दिसत असेल तर थेट तिचा तुकडा काढून तपासायला पाठवतात.