बिमस्टेक

बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांची सहकार्य संघटना. बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळ व भूतान हे दक्षिण आशियातील पाच, तर म्यानमार व थायलंड हे आग्नेय आशियातील दोन देश तिचे सदस्य आहेत. त्यांची एकत्रित लोकसंख्या सुमारे १७० कोटी, म्हणजे जगाच्या एक पंचमांशाहून अधिक आहे.

६ जून १९९७ रोजी बँकॉक येथील घोषणापत्राने बांगलादेश, भारत, श्रीलंका व थायलंड या चार देशांनी संघटना स्थापन केली. म्यानमार त्याच वर्षी डिसेंबरात आला, नेपाळ व भूतान २००४ मध्ये. या दोघांना समुद्रकिनारा नाही; पण त्यांच्या डोंगरांतून उतरणारे पाणी आणि गाळ शेवटी याच उपसागराला मिळतो. पर्यावरण व हवामानबदल या क्षेत्राचे नेतृत्व भूतानकडे आहे, ही वाटणी म्हणूनच समर्पक वाटते. व्यापार बांगलादेशाकडे, दळणवळण थायलंडकडे आणि आपत्ती व्यवस्थापन व ऊर्जेसह सुरक्षा भारताकडे आहे.

संघटनेची चाल फार मंद राहिली. ढाक्याला स्थायी सचिवालय सुरू व्हायला २०१४ साल उजाडले. सनदेवर सह्या झाल्या २०२२ मध्ये आणि ती अमलात आली २० मे २०२४ रोजी. पाकिस्तानही सदस्य असलेल्या सार्क या दक्षिण आशियाई संघटनेची २०१६ ची इस्लामाबाद परिषद रद्द झाल्यावर भारताने बिमस्टेककडे अधिक लक्ष वळवले. तरीही मुक्त व्यापार क्षेत्राच्या आराखड्यावर २००४ मध्ये सह्या होऊनही अंतिम करार झालेला नाही. कोणत्या मालावरचे शुल्क किती उतरवायचे आणि माल मुळात कोणत्या देशाचा मानायचा, यावर घोडे अडले आहे. मणिपुरातील मोरेहहून म्यानमारमार्गे थायलंडच्या मे सोतला जाणारा महामार्ग म्यानमारमधील फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर आणखी रेंगाळला.

प्रत्यक्ष हाती लागलेले काम विजेत दिसते. नेपाळच्या नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात, तेव्हा जलविद्युत गरजेपेक्षा जास्त निर्माण होते. हिवाळ्यात पाणी आटले की तोच देश भारताकडून वीज घेतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत व बांगलादेश यांनी करार केला आणि नोव्हेंबरात नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या वाहिन्यांवरून बांगलादेशात पोहोचली. वीज द्यायची ती १५ जून ते १५ नोव्हेंबर या काळात, म्हणजे नेपाळकडे ती शिल्लक असताना. आकडा लहान आहे, पण तिसऱ्या देशाच्या तारांवरून वीज विकता येते हे या भागात प्रथमच सिद्ध झाले. हा करार त्रिपक्षीय आहे, बिमस्टेकचा नव्हे. मात्र सदस्यांची वीजजाळी एकमेकांना जोडण्याचा सामंजस्य करार बिमस्टेकच्या २०१८ च्या काठमांडू परिषदेच्या वेळी झाला होता.

माशांच्या बाबतीत याहून साधी गोष्ट बरीच वर्षे जमली नव्हती. प्रजननकाळात भारताच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. बांगलादेशाची ६५ दिवसांची बंदी २० मे ते २३ जुलै अशी होती. परिणामी जूनच्या मध्यापासून पुढे भारतीय यांत्रिक नौका समुद्रात आणि बांगलादेशी नौका किनाऱ्याला बांधलेल्या, असे चित्र दिसे. भारतीय ट्रॉलर आपल्या हद्दीत येऊन मासे नेतात, ही तिथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार. मत्स्यसाठा एकच असल्याने एकाच बाजूच्या बंदीचा लाभही अर्धाच राहतो. २०२५ मध्ये बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी ५८ दिवसांची केली आणि दोन्ही काळ जुळले. शाश्वत विकास असल्या जुळवणीतूनच साधतो. अशा तारखा जुळवणे हे बिमस्टेकचे नित्याचे काम व्हायला हवे.

चक्रीवादळांनी परस्पर समन्वयाची गरज वारंवार दाखवून दिली आहे. २००८ च्या नर्गिस वादळात म्यानमारच्या इरावती त्रिभुज प्रदेशात एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हवामान अंदाजाच्या देवाणघेवाणीसाठी नोएडा येथे बिमस्टेकचे हवामान केंद्र आहे.

सहावी शिखर परिषद ४ एप्रिल २०२५ रोजी बँकॉकला भरली. तीत २०३० पर्यंतच्या वाटचालीचा आराखडा स्वीकारण्यात आला. त्याच सुमारास सागरी वाहतुकीविषयीचा करारही झाला.