गाईच्या पोटातला नायट्रोजनचा हिशेब

अझोलाचे व्हिडिओ पुन्हा जोरात फिरू लागले आहेत. प्लास्टिकच्या कागदाचा वाफा करा, त्यात ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती वाढवा, रोज दोन किलो गाईला घाला आणि पेंडीचा खर्च विसरा, कारण अझोलात 25 टक्के प्रोटीन असते, असा त्यांचा सूर असतो. आकडा फारसा चुकीचा नाही, पण तो वाळवलेल्या अझोलाचा आहे. ताज्या अझोलात 93-94 टक्के पाणीच असते. दोन किलो ताजा अझोला म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅम कोरडा पदार्थ आणि त्यात जेमतेम तीस ग्रॅम प्रोटीन. तेवढे प्रोटीन दीडशे ग्रॅम सरकी पेंडीतही मिळते. अझोला वाईट नाही. त्याच्या पानात राहणारे नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, ही तर मोठी सुंदर गोष्ट आहे. पण वाळवलेल्या अझोलाची टक्केवारी पाण्याने भरलेल्या ताज्या अझोलाला लावून सांगणे ही दूध उत्पादकाची फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्यांना लाखो लोक पाहतात याचे मला वाईट वाटते.

मुळात हा टक्क्याचा आकडा कुठून येतो? पशुखाद्याच्या पोत्यावर ‘प्रोटीन 20 टक्के’ असे छापलेले असते तेव्हा प्रयोगशाळेत कुणीही प्रोटीन मोजलेले नसते. मोजलेला असतो नायट्रोजन. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल हा रसायनशास्त्रज्ञ बिअरसाठी लागणाऱ्या सातूतले प्रोटीन मोजण्याची सोपी पद्धत शोधत होता. 1883 साली त्याला ती सापडली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातला सगळा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा आणि तो मोजायचा. प्रोटीनमध्ये सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला 6.25 ने गुणायचे. या उत्तराला ‘कच्चे प्रोटीन’ म्हणतात. जगभरचे पशुखाद्य आजही याच हिशेबावर विकले जाते.

यातली फट उघड आहे. नायट्रोजन प्रोटीनमधलाच असला पाहिजे, अशी अट या पद्धतीत नाही. 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन मिसळले गेले, कारण त्यात दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचे असते आणि चाचणीत ते प्रोटीन म्हणून खपते. सहा तान्ही मुले दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. शेतात टाकतो त्या युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. त्याला 6.25 ने गुणले तर 287 टक्के ‘प्रोटीन’ निघते! शंभर ग्रॅम पदार्थात 287 ग्रॅम प्रोटीन कसे असेल, हे शाळकरी मूलही विचारेल.

पण गाईच्या बाबतीत हा वेडगळ आकडा काही प्रमाणात खरा ठरतो. माणसाने, कोंबडीने किंवा डुकराने युरिया खाल्ला तर त्यातून प्रोटीन बनत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात ते बनते. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांना हिरवा चारा आम्ल घालून टिकवण्याच्या पद्धतीसह शेतीरसायनातल्या कामाबद्दल 1945 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे साठच्या दशकात त्यांनी गाईंना शुद्ध स्टार्च, साखर आणि सेल्युलोज खाऊ घातले. नायट्रोजनसाठी फक्त युरिया आणि अमोनियमचे क्षार दिले, प्रोटीन जवळजवळ शून्य. हळूहळू सवय लावल्यावर त्या गाईंनी दूध दिले, वर्षाला चार हजार किलोच्या वरपर्यंत, आणि त्या दुधातले प्रोटीन नेहमीच्या दुधासारखेच होते. मग ते आले कुठून?

कोठीपोटातून. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातला हा पहिला आणि सगळ्यांत मोठा कप्पा. मोठ्या गाईत तो शंभर लिटरहून मोठा असतो. आत तापमान 39 अंशांच्या आसपास, ऑक्सिजन जवळपास नाही, आणि एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू. शिवाय त्या जिवाणूंना खाणारे एकपेशीय प्राणी आणि काड्यांना भेदणाऱ्या बुरशा. आपण गव्हाणीत टाकलेली पेंड आधी यांच्या हाती पडते. ते तिच्यातले प्रोटीन तोडतात, ज्यांपासून ते बनलेले असते ती अमिनो आम्ले सुटी करतात आणि त्यातलीही बरीचशी फोडून अमोनिया बनवतात. युरियाचे तर काही मिनिटांतच अमोनियात रूपांतर होते. म्हणजे महागडी शेंगदाणा पेंड असो वा युरिया, कोठीपोटात बऱ्याच अंशी दोन्हींचा अमोनियाच होतो.

या अमोनियापासून जिवाणू स्वतःचे शरीर घडवतात. त्यांची वाढ होते, दर काही तासांनी ते दुप्पट होतात आणि चाऱ्याबरोबर वाहत चौथ्या कप्प्यात, म्हणजे गाईच्या खऱ्या जठरात जातात. तिथे आम्ल आणि पाचक रस त्यांना मारून पचवतात. गाईच्या आतड्यात शोषल्या जाणाऱ्या अमिनो आम्लांपैकी निम्म्याहून अधिक साधारणपणे या मेलेल्या जिवाणूंची असतात. शाकाहारी म्हणून आपण जिला ओळखतो ती गाय प्रोटीनसाठी जंतूंवर जगते. हे कळल्यापासून मी रवंथ करणारी गाय पाहिली की थांबतोच.

जिवाणू पचवणे सोपे नसते, त्यांना जाड भिंत असते. ती फोडणारे लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) आपल्या अश्रूंत आणि लाळेत संरक्षणासाठी असते. गाईने तेच जठरात पचनासाठी वापरात आणले आणि आम्लात टिकेल असे बदलून घेतले. आता देवळाच्या आवारात पिंपळाची पाने खाणारे हनुमान वानर आठवा. त्याच्याही जठराचा पुढचा भाग पाने आंबवण्यासाठी मोठा झालेला असतो. त्याच्या जठरातले लायसोझाइम 1987 साली गाईच्या लायसोझाइमशी ताडून पाहिले गेले, तेव्हा दोन्हींत काही अमिनो आम्लांचे तेच ते बदल स्वतंत्रपणे झालेले आढळले. नात्याने दूरचे दोन प्राणी एकाच उत्तराला पोचले होते.

आता थोडे खोलात जाऊ. अमोनियाचे अमिनो आम्ल करायला जिवाणूला दोन गोष्टी लागतात, कार्बनचा सांगाडा आणि एटीपीच्या, म्हणजे पेशी ज्या रेणूत ऊर्जा साठवून वापरते त्याच्या, रूपातली ऊर्जा. अमोनिया भरपूर असेल तर तो ग्लुटामेट डीहायड्रोजनेज या विकराच्या मार्गाने स्वस्तात बांधला जातो. तो विरळ असेल तर ग्लुटामीन सिंथेटेजचा मार्ग धरावा लागतो, आणि त्यात प्रत्येक रेणूमागे एक एटीपी खर्चावे लागते. ऑक्सिजन नसल्यामुळे आंबवण्यातून एटीपी मिळतातच थोडे. म्हणून कोठीपोटात बहुतेक वेळा टंचाई ऊर्जेची असते. ढोबळ हिशेब असा की गाईने पचवलेल्या प्रत्येक किलो अन्नघटकामागे सुमारे 130 ग्रॅम जिवाणू-प्रोटीन तयार होते. 12 किलो कोरडा पदार्थ खाणाऱ्या आणि त्यातला 60 टक्के पचवणाऱ्या संकरित गाईत हे रोजचे नऊशे ग्रॅमच्या वर जाते. दहा लिटर दुधात साधारण 330 ग्रॅम प्रोटीन असते. शरीर चालवण्याचा खर्च आणि वाटेतली गळती धरली तरी एवढे दूध जिवाणूंच्या जोरावर निघू शकते, अट एकच, त्यांना ऊर्जा आणि अमोनिया एकाच वेळी मिळाला पाहिजे.

‘एकाच वेळी’ यावर माझा सगळा भर आहे. सकाळी नुसती पेंड घातली की पुढच्या एक-दोन तासांत अमोनिया उसळतो. त्या वेळी सोबत मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा नसेल तर जिवाणूंकडे तो बांधायला ऊर्जा नसते. जादा अमोनिया कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातो. अमोनिया विषारी असल्यामुळे यकृत तो लगेच युरियात बदलते, आणि युरियाच्या प्रत्येक रेणूमागे चार एटीपींइतकी ऊर्जा खर्च होते. ती ऊर्जा दुधाची असते. पेंड वाढवूनही दूध वाढत नाही तेव्हा गाय ते पैसे लघवीवाटे बाहेर टाकत असते. गोठ्यात सकाळी डोळ्यांना झोंबणारा वास येतो, त्यात या वाया गेलेल्या नायट्रोजनचा मोठा वाटा असतो.

यकृतात बनलेला सगळा युरिया मात्र बाहेर जात नाही. काही भाग रक्तातून कोठीपोटाच्या भिंतीवाटे आणि लाळेवाटे परत आत येतो, आणि गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते. जिवाणू तो पुन्हा अमोनियात फोडून वापरतात. उन्हाळ्यात निव्वळ वाळक्या गवतावर खिल्लार बैल तग धरतो त्यात या फेरवापराचा हात आहे.

पण त्यालाही मर्यादा आहे. चाऱ्यातले कच्चे प्रोटीन कोरड्या पदार्थाच्या 7 टक्क्यांच्या खाली गेले की जनावराचे खाणेच कमी होते. काड्या पचवणारे जिवाणू मुख्यतः अमोनियावरच वाढतात. तो कमी पडला की तंतू फोडायचे काम मंदावते, चारा कोठीपोटात रेंगाळतो आणि पोट रिकामे होत नाही म्हणून गाय गव्हाणीकडे पाठ फिरवते. गव्हाचे काड, भाताचा पेंढा 3-4 टक्क्यांवर असतो. इथे युरिया फार उपयोगी पडतो. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून ताडपत्रीने हवाबंद झाकायचा आणि तीन आठवडे ठेवायचा. सुटलेला अमोनिया लिग्निन (काडीला कडक करणारा, न पचणारा घटक) आणि हेमिसेल्युलोज (पचू शकणारा तंतू) यांच्यामधले बंध तोडतो. पेंढा मऊ होतो, अधिक पचतो आणि कच्चे प्रोटीन जवळपास दुप्पट होते. उघडल्यावर थोडा वेळ वारा लागू द्यायचा, मग घालायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना युरिया कोणत्याही रूपात नको. पाण्यात कालवून तर कुणालाच पाजू नये, विषबाधेने जनावर तासाभरातही जाऊ शकते.

हिरव्या चाऱ्याचे गणित पानावर आणि वयावर चालते. पानातल्या प्रोटीनचा मोठा भाग रुबिस्को या एकाच विकराचा असतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे हेच ते. लसूणघासाच्या पानात ते भरपूर असते. मका, ज्वारी, नेपियर गवत या वनस्पतींनी कार्बन डायऑक्साइड आधीच एकवटून ठेवण्याची युक्ती साधली आहे, त्यामुळे त्यांचे काम कमी रुबिस्कोत भागते. परिणामी त्यांच्या पानात नायट्रोजनही कमी. म्हणून कच्च्या प्रोटीनमध्ये लसूणघास 18-20 टक्क्यांवर आणि संकरित नेपियर, मग वाण यशवंत असो की फुले जयवंत, योग्य वयात कापले तरी बहुधा 8-10 टक्क्यांवर. कोणत्याही ‘सुपर’ गवताचे ठोंब 18 टक्के प्रोटीनच्या नावावर विकत घेण्याआधी ते कितव्या दिवशी कापून तपासले हे विचारावे. कोवळ्या शेंड्याचा नमुना काहीही दाखवू शकतो. उंची वाढून टनेज मिळावे म्हणून नेपियर दहा फुटांपर्यंत वाढू दिले की पान कमी, दांडा जास्त, लिग्निन जास्त. साधारण दीड महिन्याला कापणी केली तर वजन थोडे घटते, पण पचणारा चारा हाती येतो.

खताचा नायट्रोजन दिला की चाऱ्यातले प्रोटीन वाढते, हेही खरे. पण युरिया भरघोस टाकला आणि पुढे पावसाने ताण दिला, तर मुळे नायट्रेट ओढत राहतात आणि पानांना त्याचे प्रोटीन करणे जमत नाही. नायट्रेट खोडाच्या तळाशी साठते. असे ज्वारीचे किंवा मक्याचे बाटूक गाईने पोटभर खाल्ले की कोठीपोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्यास निकामी करते, आणि धडधाकट जनावर काही तासांत धापा टाकत कोसळते. रक्त चॉकलेटी दिसते. अशा मृत्यूनंतर करणी केली, कुणाची नजर लागली, असे बोलले जाते, उतारे टाकले जातात आणि उरलेला तोच चारा दुसऱ्या गाईपुढे पडतो. पशुवैद्यकाकडे मिथिलीन ब्लूचे इंजेक्शन असते आणि ते वेळेत मिळाले तर जनावर वाचते. देवऋषाकडे जाण्यात गेलेला अर्धा तास त्या गाईचा जीव घेतो.

दिवसाला वीस-पंचवीस लिटर देणाऱ्या गाईला जिवाणूंचे प्रोटीन पुरत नाही. तिला कोठीपोट ओलांडून आतड्यात उतरणारे, म्हणजे बायपास प्रोटीन द्यावे लागते. त्यासाठी पेंडीवर उष्णतेची किंवा फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करतात. पाच-सात लिटरच्या गाईला हा खर्च करण्यात अर्थ नाही.

हिशेब जुळतो आहे की नाही, हे दुधातून कळते. रक्तातला युरिया दुधात उतरतो. दर शंभर मिलिलिटर दुधात युरियाच्या रूपातला नायट्रोजन 10 ते 16 मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल तर सगळे ठीक. त्याहून जास्त म्हणजे प्रोटीन वाया जाते आहे किंवा ऊर्जा कमी पडते आहे, आणि गाय गाभण राहण्यातही अडचण येऊ शकते. फारच कमी म्हणजे जिवाणू उपाशी आहेत. मोठ्या दूध संघांच्या प्रयोगशाळेत युरिया मोजला जातोच, पण तो भेसळ पकडण्यासाठी, दर लिटरला 700 मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा ओलांडली का एवढेच पाहायला. मर्यादेच्या आतला आकडा तिथेच राहतो. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) छापून देणाऱ्या पावतीवर, निदान दहा दिवसांतून एकदा, हा तिसरा आकडा छापला तर उद्या सकाळी पेंड वाढवायची की भरडा, हे दूध घालणाऱ्या बाईला संकलन केंद्रावर उभ्या उभ्या ठरवता येईल.