मध्ये पडणारा तिसरा

नाइटक्लबमधलं भांडण म्हटलं की दारू आणि दोन तापलेली डोकी, एवढंच आपल्याला दिसतं. गेल्या काही वर्षांत संशोधक मात्र भोवतीच्या माणसांकडे बघू लागले आहेत.

बघे जितके जास्त, तितका प्रत्येक जण ‘दुसरा कोणी जाईल’ म्हणून जागेवरच थांबतो, असं डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं. पण ते प्रयोग बंद खोलीत बसलेल्या विद्यार्थ्यांवरचे. रिचर्ड फिलपॉट, मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केप टाउनच्या रस्त्यांवरच्या खऱ्या भांडणांच्या 219 प्रसंगांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं. 2019 मध्ये आलेला निष्कर्ष मला फार दिलासा देतो: दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता, आणि गर्दी वाढली तशी मदतीची शक्यताही वाढली. कुणी छातीवर हात ठेवून मागे सारतो, कुणी दोघांच्या मध्ये उभा राहतो, कुणी दंडाला धरून बाजूला नेतो. कोपनहेगनमधल्या अशाच दुसऱ्या एका अभ्यासाच्या चित्रणात मित्र किंवा ओळखीचे लोक अनोळखी माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा पुढे आले. क्लबात नेहमी येणाऱ्यांच्या ओळखीपाळखीला म्हणूनच मोल आहे.

जागेचाही हात असतो. ऑस्ट्रेलियातल्या सर्फर्स पॅरडाइसच्या क्लबांमध्ये मॅकिंटायर आणि होमेल या संशोधकांना दिसलं, की बार, स्वच्छतागृह आणि नाचायची जागा यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे धक्काबुक्की वाढते. कोपर लागतं, ग्लास सांडतो. दारूने नजर समोरच्या क्षणापुरती आकसलेली असते, त्यामुळे तो धक्का मुद्दामच मारला असं वाटतं.

टोरंटोत संशोधक कॅथरीन ग्रॅहम यांच्या प्रशिक्षित निरीक्षकांनी बार आणि क्लबांना रात्रीच्या हजाराहून जास्त भेटी दिल्या. तिथे पुरुष पुरुषाशी भिडला की लोक धावत. पुरुष बाईच्या अंगचटीला जाई, तेव्हा मात्र बहुतेक जण बघत राहत. ‘चाललीय मस्करी’ अशी समजूत करून घेणं सोपं असतं. पण त्याच नोंदींनी ती समजूत खोटी पाडली. पुरुष किती पुढे जातो, याचा संबंध त्याच्या नशेशी नव्हता. तो संबंध त्या बाईला किती चढली आहे याच्याशी होता; म्हणजे ती मस्करी नव्हती, तिचा असहायपणा हेरणं होतं.