गोंधळ, जोगवा आणि भरतनाट्यम: हे मिश्रण आलं कुठनं

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरातल्या डान्स क्लासमध्ये एक आयटम हमखास बसवला जातो. अरमंडी (गुडघे बाहेर वाकवून धरलेली अर्धी बैठक) भरतनाट्यमची, ठेका संबळाचा, हातात परडी, कपाळभर मळवट आणि शेवटी उदो उदो. मग दोन्हीकडनं कुरकुर सुरू. शास्त्रीयवाले म्हणतात बाटवलं, आणि ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या गोंधळ आहे ते म्हणतात आमचा कुळाचार उचलून स्टेजवर नेला. दोघंही एक गोष्ट मात्र धरून चालतात की हे दोन नाच आधीपासनंच वेगळे होते, आणि मला तेच पटत नाही.

बाराव्या शतकात कल्याणीला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर होता, मानसोल्लास लिहिणारा. त्याच्याबद्दल पुढं तेराव्या शतकात जायसेनापतीनं नृत्तरत्नावलीत लिहून ठेवलंय की भूतमातृ महोत्सवात भिल्लिणीच्या वेशातल्या एका बाईचा नाच बघून राजानं त्यावरनं गोंडली नावाचा नृत्यप्रकार बसवला. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकर लिहिला त्यातही हा प्रकार आहे. आपला आजचा गोंधळ थेट तिथनं उतरला असा दावा मी करणार नाही, पण लोकांतला नाच घ्यायचा, त्याला ताल आणि हस्तमुद्रांचं व्याकरण लावायचं आणि देशी, म्हणजे त्या त्या मुलखातला प्रकार, म्हणून ग्रंथात बसवायचा यात तेव्हाच्या पंडितांना काही कमीपणा वाटत नव्हता एवढं तर दिसतंच. उलट्या दिशेनंही तेच झालंय, एकनाथांनी गोंधळ आणि जोगवा हे लोकांचे साचे उचलले आणि त्यात अद्वैत भरलं.

आता तंजावर. हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत असतं. आज भरतनाट्यममध्ये अलारिपू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम् अशा क्रमानं जो मार्गम शिकवतात तो बांधला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि त्यांना आश्रय देणारा राजा होता दुसरा सरफोजी (१७९८ ते १८३२), भोसल्यांचाच. स्वतः सरफोजीनं नाचासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे कथेवर बांधलेल्या रचना, लिहिली, ती विसाव्या शतकात मुंबईच्या पार्वतीकुमारांनी पुन्हा स्टेजवर आणली. त्यांच्या शिष्या पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर, त्यांनी पुढं नृत्यगंगा म्हणून हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम बांधलं. त्यामुळं 'मराठी शब्द आणि भरतनाट्यम कसं काय' असं कुणी विचारलं की मला हसू येतं.

खरी भिंत उभी राहिली ती गेल्या शंभर वर्षांत, आणि तिचं एक टोक आपल्याच गावात आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली-मुलगे सोडायची प्रथा कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात जोरात होती. १९२० मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात या जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेला आळा घालणारा कायदा केला, १९३४ ला मुंबई प्रांताचा देवदासी कायदा आला. हे व्हायलाच हवं होतं, त्यात पोरींची आयुष्यं जात होती. पण त्याच सुमारास मद्रासेत काय चाललं होतं बघा. तिथं देवदासींचा नाच, सदिर, बदनाम झालेला, १९३२ ला म्युझिक अकॅडमीत त्याला भरतनाट्यम म्हणायचा ठराव झाला, १९३५ ला रुक्मिणीदेवी अरुंडेल स्वतः स्टेजवर उतरल्या आणि १९३६ ला त्यांची नृत्यसंस्था कलाक्षेत्र उभी राहिली. म्हणजे देवळातला नाच तिकडं नवी साडी नेसून शास्त्रीय झाला, आणि आपल्याकडं चौंडकं वाजवणारी जोगतीण सुधारणेचा विषय झाली, कलेचा नाही. तिकडंही ज्यांचा नाच होता त्या बायका मागंच पडल्या हा भाग वेगळा, पण निदान नाच तरी टिकला.

कोल्हापूरच्या दरबारानं गाण्याला केवढं उचलून धरलं! अल्लादिया खाँसाहेब इथं राहिले, देवल क्लब १८८३ पासनं आहे, पॅलेस थिएटर (आताचं केशवराव भोसले) १९१५ चं. नाचाचं मात्र तसं घराणं इथं झालंच नाही. शास्त्रीय नृत्य इथं क्लास आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा यातनं आलं आणि येताना आपली चौकट घेऊनच आलं. युनिव्हर्सिटीच्या युवा महोत्सवातही शास्त्रीय नृत्य वेगळं, लोकनृत्य वेगळं. पोरगी दोन्ही करत असली तरी फॉर्म दोन भरायचे.

बाकी ही भिंत काही देवानं घातलेली नाही. ओडिसी हे ओडिशातल्या महारी (देवळातल्या देवदासी) आणि गोटिपुआ (मुलींच्या वेशात नाचणारी मुलं) यांच्या नाचातनं १९५० च्या दशकात जुळवून उभं केलं. आसामातल्या वैष्णव सत्रांमधलं, म्हणजे मठांमधलं, सत्रिय तर संगीत नाटक अकादमीनं २००० मध्ये शास्त्रीय म्हणून मान्य केलं. आणि डोक्यावर यल्लम्माचा जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) तोलत नाचणाऱ्या मंजम्मा जोगतींना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्या आधी कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष पण होत्या. सौंदत्तीला वर्षानुवर्षं एसटी भरभरून जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात या गोष्टीची किती चर्चा झाली? मला तर फारशी ऐकू आली नाही.

तर मिसळायला माझी हरकत नाहीच, हरकत आहे ती वरवरच्या मिसळण्याला. गोंधळ म्हणजे रात्रभराचं काम, चौक मांडायचा, घट बसवायचा, मग गावोगावच्या देवांना गोंधळाला या म्हणून बोलवायचं, मग आख्यान, मध्येच विनोद, आणि पहाटेला दिवटी घेऊन आरती. यातलं नुसतं उदो उदो घेऊन सात मिनिटांचा तुकडा केला तर तो वेशभूषेचाच कार्यक्रम होतो. त्यात संबळ रेकॉर्डेड, म्हणजे लय ठरलेली, आणि गोंधळ्याची सगळी गंमत तर समोरचं माणूस बघून लय चढवण्या-उतरवण्यात आहे. दिवटीचं म्हणाल तर ऑगस्ट २०२४ ला केशवराव जळलं तेव्हापासनं स्टेजवर खरी ज्योत म्हटलं की पोटात गोळा येतो, तिथं एलईडी चालेल.

पण भरतनाट्यममध्ये आख्यान सांगायची ताकद आधीच आहे, एकच बाई देवीही होते, भक्तही होते आणि महिषासुरही. गोंधळी हेच तोंडानं करतो, एकटाच चार पात्रं उभी करतो. जोड द्यायचाच तर तिथं द्या, परडी आणि मळवटात नको. आणि संबळवाल्याला स्टेजवर बसवा, टाळ धरून बोल म्हणणाऱ्या नट्टुवनाराच्या शेजारी, पत्रिकेत नाव छापून आणि मानधन बाकीच्यांएवढंच देऊन.