पशुवैद्यकातील मूत्रतपासणी : पट्टीवरच्या प्रथिनाच्या वादाची पार्श्वभूमी

जनावराची लघवी प्रयोगशाळेत पहिल्यांदा आली ती आजारपणामुळे नव्हे. 1829 मध्ये घोड्याच्या मूत्रातून हिप्युरिक आम्ल वेगळे काढले गेले, पण तेव्हा कुतूहल रसायनाचे होते, घोड्याच्या तब्येतीचे नव्हते. रोगाशी ठळक सांधा जुळला 1889 मध्ये. स्ट्रासबर्गला एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले गेले, त्याच्या लघवीत साखर उतरली आणि मधुमेहाचे मूळ कुठे शोधायचे ते कळले. त्या लघवीवर जमलेल्या माश्यांची गोष्ट पुढे फार रंगवली गेली. निर्णायक ठरली ती साखरेची चाचणी. शोध कुत्र्यावर लागला, फायदा आधी माणसाला झाला. पुढची बहुतेक साधने तर माणसासाठीच घडली आणि नंतर जनावराला लावली गेली. या विषयातल्या बऱ्याच गुंत्याचे मूळ तिथे आहे. तपासणीच्या पट्टीवर दिसणारे प्रथिन कितपत खरे आणि उपचार कधी सुरू करायचे, हा वादही त्यातलाच.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात साखरेसाठी बेनेडिक्ट आणि कीटोनसाठी (चरबी जाळताना शरीरात बनणारी द्रव्ये) रोथेरा या दोन चाचण्या आल्या आणि पशुवैद्यकाने दोन्ही उचलल्या. बेनेडिक्टमधले तांबे ग्लुकोज आणि तांब्याशी तशीच क्रिया करणारी दुसरी क्षपणक शर्करा यांत फरक करत नाही. नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या लघवीत दुधातली लॅक्टोज उतरू शकते, म्हणून निरोगी गाईचीही परीक्षानळी विटकरी होऊ शकते. रोथेरा मात्र गोठ्यात रुजली. गाईच्या योनीखालची त्वचा हाताने हलके चोळत राहिले की बहुधा ती लघवी करते. त्या नमुन्यात अमोनियम सल्फेट विरघळेनासे होईपर्यंत घालायचे, सोडियम नायट्रोप्रुसाइडचा खडा टाकून हलवायचे आणि नळीच्या कडेने अमोनिया सावकाश सोडायचा. दोन थर जिथे भेटतात तिथे जांभळे कडे उमटले की कितनबाधेचा (शरीरात कीटोन साचण्याचा आजार) संशय. ही चाचणी खरे तर जास्तच संवेदनशील होती. व्यायल्यानंतरच्या आठवड्यांत बऱ्या असलेल्या गाईतही कडे दिसे, म्हणून दुधात आलेल्या रंगाला जाणकार अधिक वजन देत.

1956 मध्ये लघवीत बुडवून रंग पाहायची ग्लुकोजची कोरडी पट्टी बाजारात आली. ती ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरावर चालते, त्यामुळे लॅक्टोजचा घोळ एका फटक्यात मिटला. पाठोपाठ प्रथिनाचा चौकोन आला आणि काही दशकांत एकाच पट्टीवर दहा चौकोन बसले. नळ्या, दिवा, आम्लाच्या बाटल्या टेबलावरून गेल्या. त्यांच्याबरोबर प्रथिनासाठीची सल्फोसॅलिसिलिक आम्लाची चाचणीही मागे पडली, आणि ही घाई झाली असे माझे ठाम मत आहे.

कारण प्रथिनाचा चौकोन प्रथिन थेट मोजत नाही. त्यात आम्लतेनुसार रंग बदलणारे एक सूचक द्रव्य आणि चौकोनाचा सामू (pH) 3 च्या आसपास धरून ठेवणारे बफर असते. अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिन त्या सूचकाला चिकटले की पिवळ्याचा हिरवा होतो. लघवी आम्लधर्मी असेल तर हे ठीक. चारा खाणाऱ्या गाईची किंवा घोड्याची लघवी मात्र साधारण 8 सामूची आणि स्वतःच भरपूर बफर असलेली. ती चौकोनातल्या बफरला पुरून उरते आणि प्रथिन नसतानाही रंग हिरवा होतो. आम्लाच्या जुन्या चाचणीत प्रथिन साकळून लघवी गढूळ होते आणि तिथे हा दोष येत नाही. शंका आली तर याच चाचणीने खातरजमा करायची, हा चांगला रिवाज होता.

कुत्र्या-मांजरांत अडचण वेगळी. पट्टीवरचा 1+ म्हणजे डेसिलिटरमागे सुमारे 30 मिलिग्रॅम. विशिष्ट गुरुत्व 1.050 असलेल्या दाट लघवीत तेवढे बहुधा दुर्लक्षिण्याजोगे, 1.010 च्या पातळ लघवीत तेच मूत्रपिंडातून बरेच प्रथिन गळत असल्याची खूण. शिवाय खच्ची न केलेल्या बोक्याच्या लघवीत कॉक्सिन नावाचे प्रथिन मुळातच भरपूर असते.

यावर उपाय म्हणून चोवीस तासांची लघवी पिंजऱ्यात गोळा करत. 1980 च्या दशकात एकाच नमुन्यातल्या प्रथिनाला क्रिएटिनिनने (स्नायूंतून येणारे, लघवीवाटे जाणारे टाकाऊ द्रव्य) भागून गुणोत्तर काढण्याची पद्धत कुत्र्यांत पडताळली गेली आणि लघवी दाट की पातळ हा प्रश्न गणितातूनच गळाला. मग वाद सुरू झाला तो रेषा कुठे ओढायची याचा. 2005 च्या तज्ज्ञ-सहमतीने तीन गोष्टी आग्रहाने मांडल्या: प्रथिन मूत्रपिंडातूनच येते आहे ना, ते टिकून आहे ना आणि प्रमाण किती. टिकाऊपणासाठी किमान दोन आठवड्यांच्या अंतराने तीन तपासण्या सांगितल्या. रक्तात युरिया-क्रिएटिनिन चढलेले (म्हणजे मूत्रपिंड कमी पडत) असेल तर कुत्र्यात 0.5 आणि मांजरात 0.4 या गुणोत्तराला उपचाराची रेषा. चढलेले नसेल तर आधी थांबून लक्ष ठेवायचे, 1.0 पासून कारण शोधायचे आणि 2.0 ला उपचार. कुत्र्यात 0.2 ते 0.5 आणि मांजरात 0.2 ते 0.4 हा सीमावर्ती पट्टाही रूढ झाला.

दवाखान्यांत यातले आकडे राहिले आणि अटी गळाल्या. एकदाच घेतलेल्या नमुन्यात 0.6 आले की गोळी सुरू, पुढच्या वेळी 0.4 आले की औषध लागू पडले, असे निष्कर्ष सर्रास निघतात. 2007 मधल्या एका अभ्यासाने हे अंदाज किती कच्चे आहेत ते दाखवले: 0.5 च्या आसपास असलेल्या कुत्र्यात गुणोत्तर सुमारे 80 टक्क्यांनी बदलेपर्यंत तो बदल रोजच्या चढउताराहून वेगळा मानता येत नाही. 12 च्या आसपास मात्र 35 टक्केही पुरतात. म्हणजे वाद जिथे सर्वात तीव्र, तिथेच मोजमाप सर्वात डळमळीत. त्यावरचा साधा तोडगा नंतर पडताळला गेला: तीन दिवसांचे नमुने समप्रमाणात मिसळून एकदाच तपासले तरी सरासरीच्या जवळचे उत्तर मिळते, आणि मालकाचा खर्चही वाचतो. हा तोडगा आणखी रुळायला हवा.

पट्टीवरच्या इतर चौकोनांबद्दल थोडक्यात. विशिष्ट गुरुत्वाचा चौकोन 1.030 पर्यंतच जातो; मांजराची निरोगी लघवी सहज त्यापुढे असते, म्हणून प्रकाशाच्या वळण्यावरून दाटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरच वापरायचा. पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरात खोटा होकार देतो आणि कुत्र्यात अनेकदा संसर्ग असूनही गप्प राहतो. जिवाणूंची खूण मानल्या जाणाऱ्या नायट्राइटच्या चौकोनावरही भिस्त ठेवता येत नाही. हे सगळे पाठ्यपुस्तकांत छापलेले आहे, तरी अहवालात दहाही रकाने भरलेले येतात. रंग वाचणारी यंत्रे आल्याने डोळ्यांचा फरक गेला, चौकोनातले रसायन तेच राहिले.

गोठ्यात मात्र पारडे फिरले. रोथेरातल्या नायट्रोप्रुसाइडला बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे गाईच्या रक्तातले मुख्य कीटोन दिसत नाही. गाईच्या रक्तात ते थेंबावर मोजणारी हातातली यंत्रे आली आणि लिटरमागे 1.2 ते 1.4 मिलिमोल ही सुप्त कितनबाधेची रेषा ठरली. लघवीकडे उरले एक साधे काम, तिचा सामू मोजणे. दुग्धज्वर (व्यायच्या सुमारास रक्तातले कॅल्शियम घसरणे) टाळण्यासाठी व्यायच्या आधीचे सुमारे तीन आठवडे आम्लधर्मी क्षार खाऊ घालतात आणि ते लागू पडले का हे सामूवरून कळते. 8 वरून तो 6 ते 7 च्या दरम्यान उतरला की पुरे. 5.5 च्या खाली गेला तर क्षार जास्त झाले, आणि तेव्हा गाय खाणेच कमी करते.