नारिंगी पासपोर्टचे १८ दिवस आणि ज्ञानेश्वर मुळे: थोडी पार्श्वभूमी

ठाण्यात वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन आलेल्यांना ए, बी, सी काउंटर आणि हातातलं टोकन वेगळं समजावून सांगायला नको. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राचंही आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. पण हे सगळं आलं कसं असं कुणी विचारलं की आपल्याकडे लगेच परराष्ट्र खात्याचे माजी सचिव ज्ञानेश्वर मुळे यांचं नाव निघतं, मराठी माणूस, ‘पासपोर्ट मॅन’, आणि गोष्ट तिथेच संपते. त्यांच्याबद्दल मलाही आदर आहे, बराच आहे. पण त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच काळात, जानेवारी २०१८ मधे कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टला निळ्याऐवजी नारिंगी कव्हर द्यायचा जो निर्णय झाला तो या गोष्टीतून गळून जातो, आणि ठाणे-नवी मुंबईतून एवढी माणसं आखातात कामाला जातात, तर निदान इथे तरी तो गळू नये.

सुरुवातीचा भाग पटकन सांगतो. जन्म १९५८, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं अब्दुललाट गाव. शिक्षण कोल्हापुरात, शाळेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती, मग राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी, आणि १९८३ ला परराष्ट्र सेवा. तोक्यो, मॉस्को, पोर्ट लुई, दमास्कस अशा पोस्टिंग झाल्या. मराठीत लिहितात, कविता आहेत, आत्मकथन आहे, त्यामुळे हा काळ वाचकांना बऱ्यापैकी माहिती असतो.

खरी कसोटी मालदीवमधे लागली. २००९ पासून ते तिथे उच्चायुक्त होते. फेब्रुवारी २०१२ मधे तिथले राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले (स्वखुशीने की दबावाखाली, यावर तिथे आजही दोन गट आहेत), नवीन सरकार आलं आणि नोव्हेंबरमधे त्या सरकारने माले विमानतळाचं एका भारतीय कंपनीला २०१० मधे दिलेलं २५ वर्षांचं कंत्राट रद्द केलं. सुमारे ५० कोटी डॉलरचं काम होतं ते. त्याच महिन्यात एका सभेत राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याने आपल्या उच्चायुक्तांना, म्हणजे मुळ्यांनाच, मालदीवचा शत्रू, गद्दार वगैरे म्हटलं, भारताने निषेध नोंदवला आणि त्या सरकारला हे आमचं मत नाही असं सांगावं लागलं. पुढे फेब्रुवारी २०१३ मधे तेच माजी राष्ट्राध्यक्ष अटक टाळायला थेट आपल्या उच्चायुक्तालयात येऊन बसले, १३ तारखेला आत गेले ते २३ ला बाहेर आले. यजमान देशाचं वॉरंट असलेला माणूस आपल्या छताखाली, बाहेर पोलीस, आणि दोन्ही देशांचे संबंध आधीच ताणलेले, अशा वेळी तिथल्या प्रमुखावर काय वेळ येत असेल! हे दिवस निभावले गेले, पण मराठीत यावर फारसं लिहिलं जात नाही.

तिथून न्यूयॉर्कला कौन्सुल जनरल. डिसेंबर २०१३ मधे त्याच कचेरीतल्या उपकौन्सुल जनरलना अमेरिकेत अटक झाली, तो वाद सगळ्यांना आठवतो, त्यात शिरत नाही.

आता मुद्द्याचं. जानेवारी २०१६ मधे अनिवासी भारतीयांसाठी असलेलं वेगळं मंत्रालय परराष्ट्र मंत्रालयात विलीन झालं. म्हणजे पासपोर्ट-व्हिसा बघणारे आणि परदेशी जाणारे कामगार बघणारे एका छपराखाली आले, आणि मुळे दिल्लीत परतल्यावर सचिव म्हणून या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे आल्या. डिसेंबर २०१६ मधे नियम सैल झाले. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखल्याची जी सक्ती होती ती गेली, आधार, पॅन, शाळेचा दाखला यातलं काहीही चालेल असं ठरलं. आई किंवा वडील कुणा एकाचं नाव पुरे, घटस्फोटाचा कागद नको, साधूंना आईवडिलांऐवजी गुरूचं नाव लिहायची मुभा, आणि अर्जासोबत लावायची जोडपत्रं १५ वरून ९ वर. पाठोपाठ जानेवारी २०१७ मधे म्हैसूर आणि दाहोदला पोस्टातली पहिली दोन केंद्रं, मग पहिल्या टप्प्यात ८६, दुसऱ्यात १४९ अशी घोषणा, आणि कुणालाही ५० किलोमीटरच्या पलीकडे जायला लागू नये असं उद्दिष्ट. हे काम मोठंच आहे. ज्याने ‘अमुक दाखला आणा, तमुक शिक्का आणा’ म्हणून तीन-तीन हेलपाटे घातलेत त्याला याची किंमत कळते.

आणि मग १२ जानेवारी २०१८. मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, पासपोर्टचं शेवटचं पान यापुढे छापलं जाणार नाही. दोन, ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते अशी नोंद) आहे त्यांचं कव्हर निळ्याऐवजी नारिंगी असेल.

आपल्या पासपोर्टचं शेवटचं पान उघडून बघा. वडिलांचं नाव, आईचं नाव, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, पत्ता, जुन्या पासपोर्टचा नंबर, फाइल नंबर. ते काढायचं कारण वाईट नव्हतं, मुळीच नव्हतं. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव नको अशा तक्रारी होत्या, त्यासाठी एक समिती नेमली होती, आणि त्यातून हे आलं. पण त्याच पानावर ईसीआरची नोंदही असते. पान गेलं तर नोंद कुठे करायची? उत्तर निघालं, कव्हरचा रंग बदला. आणि पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेत, सोसायटीत जी पासपोर्टची झेरॉक्स चालते ती चालणार नाही हा दुसरा गोंधळ.

ईसीआर म्हणजे ढोबळमानाने दहावी पास नसलेले लोक. १९८३ च्या कायद्यातली सोय आहे ती, अशा माणसाला ठरावीक १८ देशांत कामाला जायचं असेल तर आधी सरकारी मंजुरी लागते, त्यात एजंट नोंदणीकृत आहे का, करार काय, विमा आहे का हे बघतात. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. शिक्का कामगाराच्या संरक्षणासाठी आहे, त्याला कमी लेखायला नाही, हे मला मान्य आहे. पण तुर्भ्याचा किंवा भिवंडीचा एखादा वेल्डर, नववीत शाळा सुटलेली, १५ वर्षं हातात काम, ट्रेड टेस्टमधे प्लेट जोडून पास झालेला, त्याचा पासपोर्ट आत कुठेतरी ईसीआर म्हणणं वेगळं आणि विमानतळाच्या रांगेत, हॉटेलच्या काउंटरवर, परक्या देशात पोलिसांसमोर लांबूनच रंगावरून ‘हा न शिकलेला’ असं दिसणं वेगळं. बरं, ही सगळी माहिती सरकारच्या सिस्टीममधे आहेच असं मंत्रालयानेच तेव्हा सांगितलं होतं. मग इमिग्रेशनच्या माणसाला ती स्क्रीनवर दिसणार असेल तर कव्हर रंगवायचं कशासाठी? फसवणूक करणारे एजंट माणसाला व्हिजिट व्हिसावर नेतात आणि तिथे गेल्यावर कामाला लावतात, त्या वाटेवर ईसीआरची मंजुरी आडवी येतच नाही, म्हणजे रंगाने ते थांबलं नसतं. ज्याचं रक्षण करायचं त्यालाच उठून दिसेल असं करायचं, हे चुकलंच होतं.

विरोध जोरात झाला. मोठ्या विरोधी पक्षाच्या अध्यक्षांनी याला भेदभाव म्हटलं, केरळमधे हायकोर्टात याचिका गेली (आखातातल्या पैशावर तिथली घरंच्या घरं चालतात, ते गप्प बसणारच नव्हते). ३० जानेवारीला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचं मंत्रालयाने जाहीर केलं. १८ दिवस. आपल्याकडे मुंब्रा, राबोडी, तळोजा, कोपरखैरणे, किती घरांतून माणसं बाहेर आहेत, पण इथल्या आवाजाची कुठे नोंद झाल्याचं मला तरी दिसलं नाही, याचं वाईट वाटतं.

याचा ठपका एकट्या मुळ्यांवर ठेवणं अन्यायाचं होईल. समिती होती, मंत्रालय होतं, वर मंत्री होते. उलट १८ दिवसांत सरकार माघार घेतं हे आपल्याकडे क्वचित होतं आणि त्याचं श्रेयही त्याच खात्याला द्यायला हवं. पण पोस्टातल्या केंद्रांचं श्रेय नावानिशी द्यायचं आणि नारिंगी कव्हर ‘सरकारचा निर्णय’ म्हणून सोडून द्यायचं, हे बरोबर नाही. दोन्ही एकाच कारकिर्दीत येतात, दोन्ही सांगावीत.

२०१९ च्या सुरुवातीला ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी एप्रिलमधे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगावर सदस्य म्हणून गेले. शेवटचं पान छापलं जात राहिलं आणि निळं कव्हरही कायम राहिलं. १९८३ चा तो कायदा बदलायचा मसुदा २०२१ मधे लोकांच्या सूचनांसाठी बाहेर आला होता. ईसीआरची नोंद मात्र अजून चालू आहे, आणि पासपोर्ट काढल्यानंतर कुणी दहावी पास झालं तरी ती आपोआप जात नाही, रीइश्यूचा (पासपोर्ट पुन्हा काढून घ्यायचा) अर्ज करून सोबत दहावीचं सर्टिफिकेट लावावं लागतं, तेव्हा घरात कुणाचं असं राहिलं असेल तर बघून घ्या.